शेवटचं अर्धं मिनिट : दुखापतीनंतर मैदानावर कधी परतायचं?



"डॉक्टर, आता अजिबात दुखत नाही. खेळू का?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला एकदा तरी ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचा असतो. सोबत काळजीत पडलेली आई असते, आणि कधीकधी "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे" असं हळूच सांगणारे क्लबचे सरही असतात. उत्तर देण्याआधी मी त्यांना बास्केटबॉलची एक गोष्ट सांगतो. तीच आज तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे. बास्केटबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालेल, कारण गोष्ट खरं तर पायातल्या एका छोट्याशा हाडाची आहे.

घड्याळ संपलं, खेळाडू बाहेर

एप्रिल १९८६. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये शिकागो बुल्स आणि इंडियाना पेसर्स यांचा सामना रंगात आला होता. जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं आणि शिकागो एका गुणानं मागे होतं. त्यांच्याकडे मायकेल जॉर्डन होता. अशा वेळी चेंडू त्याच्याच हातात द्यायचा, हे शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. प्रशिक्षक स्टॅन अल्बेक यांनी मात्र नेमकं त्याच क्षणी जॉर्डनला बाहेर बोलावलं.

का? तर डॉक्टर आणि व्यवस्थापनानं त्याला त्या दिवसासाठी दिलेली मिनिटं संपली होती म्हणून!

पाच महिन्यांपूर्वी, म्हणजे ऑक्टोबर १९८५ मध्ये, हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात जॉर्डनच्या डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. तब्बल ६४ सामने तो बाहेर होता. मार्चमध्ये परतला तेव्हा अट घातली गेली : पूर्वार्धात सात मिनिटं, उत्तरार्धात सात मिनिटं. सामना ४८ मिनिटांचा आणि जगातला सर्वात रोमांचक खेळाडू मैदानावर १४ मिनिटं! ही मर्यादा पुढे थोडी थोडी वाढवत नेली, पण ती ओलांडायची नाही अशी प्रशिक्षकांना सक्त ताकीद होती.

त्या सामन्यात जॉन पॅक्सननं शेवटची बास्केट केली आणि शिकागो जिंकलं, त्यामुळे प्रशिक्षक वाचले. वाद मात्र शमला नाही. एक पक्ष म्हणायचा, "पाय बरा झालाय ना? मग खेळू द्या. नसेल झाला, तर एक मिनिटही का खेळवता?" दुसरा म्हणायचा, "पोरगा तेवीस वर्षांचा आहे, समोर पंधरा वर्षांची कारकीर्द आहे. हरला एखादा सामना तर काय बिघडलं?" जॉर्डनला स्वतःला तर वेगळाच संशय होता. संघ मुद्दाम हरला तर पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना वरचा क्रमांक मिळतो, म्हणून आपल्याला बसवून ठेवलं जातंय, असं त्याला वाटत होतं.

आज चाळीस वर्षांनी तुम्ही कोणाची बाजू घ्याल? थांबा, घाई नको. आधी त्या हाडाची ओळख करून घेऊ.

नावेसारखं हाड

पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या किंचित पुढे, आतल्या अंगाला बोटानं दाबून पाहा. तिथे नॅव्हिक्युलर नावाचं हाड असतं. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ छोटी नाव. पायाच्या कमानीचं ते शिखर आहे. आपण उडी मारून खाली येतो किंवा धावता धावता झटकन वळतो, तेव्हा मागच्या आणि पुढच्या हाडांच्या मध्ये हे हाड अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखं दाबलं जातं.

यात एक मोठी अडचण आहे. या हाडाच्या दोन्ही कडांना रक्तपुरवठा बरा असतो, पण मधल्या भागाला तो तुटपुंजा असतो, आणि नेमका ताण येतो तो याच मधल्या भागावर. म्हणजे जिथे झीज जास्त, तिथेच दुरुस्तीचं सामान कमी पोचतं.

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. धावण्या-उड्या मारण्यानं त्यात अतिशय बारीक इजा होत राहतात. शरीर आधी तो खराब भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. काढण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र काही महिने लागतात. घराची दुरुस्ती करताना जुनी भिंत एका दिवसात पडते, नवी उभी राहायला वेळ लागतो, तसंच हे. या मधल्या काळात ताण चालूच राहिला तर तडा जातो. यालाच आपण स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो.

गंमत अशी, की या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर वैद्यकशास्त्रानं आधी माणसात ओळखलं नाही. १९५८ मध्ये त्याचं वर्णन झालं ते शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये. माणसातल्या पहिल्या नोंदीसाठी १९७० साल उजाडावं लागलं, आणि त्यातही फक्त दोन रुग्ण होते. २१ रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला १९८२ मध्ये. ही वर्षं लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत ती महत्त्वाची आहेत.

लंगडत आलेला नायक

खेळातली एक जुनी समजूत आहे : वेदना सहन करून खेळतो तो खरा मर्द. बास्केटबॉलमध्ये या समजुतीवर शिक्कामोर्तब झालं ते ८ मे १९७० च्या रात्री, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. अंतिम लढतीचा सातवा, निर्णायक सामना होता. न्यूयॉर्क निक्सच्या विलिस रीडच्या मांडीचा स्नायू पाचव्या सामन्यात फाटला होता आणि सहाव्यात तो खेळलाच नव्हता. त्या रात्री वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो लंगडत मैदानात आला आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. पहिल्या दोन्ही बास्केट त्यानंच केल्या. न्यूयॉर्क ११३-९९ असं जिंकलं.

रीडनं त्या सामन्यात एकूण फक्त चार गुण केले. संघ जिंकला तो वॉल्ट फ्रेझरच्या ३६ गुणांमुळे. पण लोकांच्या लक्षात राहिला लंगडत आलेला रीड. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक जखमी खेळाडूला हे उदाहरण ऐकवलं गेलं : "तो आला होता, मग तुला काय झालं?"

बिल वॉल्टन : इंजेक्शनची किंमत

आठच वर्षांनी पोर्टलंडमध्ये तेच नाटक पुन्हा रंगलं, पण त्याचा शेवट वेगळा झाला.

बिल वॉल्टननं १९७७ मध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सला विजेतेपद मिळवून दिलं होतं. १९७७-७८ च्या हंगामात हा संघ ६० पैकी ५० सामने जिंकून बसला होता, आणि तेव्हाच वॉल्टनचा पाय दुखावला. प्लेऑफमध्ये सिॲटलविरुद्ध तो परतला. दुसऱ्या सामन्याआधी पायात बधिर करणारं इंजेक्शन घेऊन खेळला. नंतर एक्स-रे काढला तेव्हा डाव्या पायाचं नॅव्हिक्युलर हाड मोडलेलं दिसलं.

त्यानंतरचा अख्खा हंगाम तो खेळला नाही. आपल्यावर झालेल्या उपचारांबद्दल त्यानं जाहीर नाराजी व्यक्त केली, संघ सोडला, दावाही लावला. तो दावा पुढे न्यायालयाबाहेर मिटला. नव्या संघात पहिल्या वर्षी जेमतेम १४ सामने झाले आणि त्यापुढचे दोन हंगाम पूर्ण वाया गेले. त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एकाची ऐन उमेदीची वर्षं अशी गेली.

इथे डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. दोष कुणाचा, हे ठरवायला मी बसलेलो नाही. १९७८ मध्ये या फ्रॅक्चरबद्दल फारच थोडी माहिती होती, हे वरच्या वर्षांवरून तुमच्या लक्षात आलंच असेल. साध्या एक्स-रेमध्ये ते आजही अनेकदा दिसत नाही. एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा लागतो. पण बधिर करणाऱ्या इंजेक्शनाबद्दल मात्र तेव्हाही एवढं कळत होतं, की त्यानं दुखणं थांबतं, दुखापत भरत नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणून चोर पळत नाही!

दहा गोळ्या आणि एक विष

आता पुन्हा जॉर्डनकडे येऊ, कारण त्याचं मोडलेलं हाडही हेच होतं. वॉल्टनची कहाणी ताजी होती. त्यामुळे शिकागोचे डॉक्टर आणि मालक का धास्तावले असतील, ते आपण समजू शकतो.

पाय पुन्हा मोडण्याची शक्यता डॉक्टरांनी साधारण दहा टक्के सांगितली होती. जॉर्डनचं म्हणणं, म्हणजे नव्वद टक्के काही होणार नाही! यावर मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी त्याला विचारलं : तुझं डोकं भयंकर दुखतंय आणि मी तुला दहा गोळ्यांची बाटली दिली, त्यातल्या एका गोळीला सायनाइड लावलंय, तर तू गोळी घेशील का? जॉर्डनचं उत्तर होतं, की डोकं किती दुखतंय त्यावर ते अवलंबून आहे.

ही देवाणघेवाण २०२० च्या 'द लास्ट डान्स' या माहितीपट मालिकेमुळे जगभर पोचली. लोक तिच्यावर हसतात. मला मात्र तिच्यात माझी रोजची ओपीडी दिसते. दहा टक्के हा आकडा तिघांसाठी सारखाच होता, पण त्याचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा होता. मालकाला बुडणारी गुंतवणूक दिसत होती. डॉक्टरला पुन्हा मोडलेलं हाड दिसत होतं. आणि खेळाडूला दिसत होतं हातातून निसटणारं वर्ष. धोका किती आहे ते विज्ञान सांगू शकतं. तो पत्करायचा की नाही, हे विज्ञान एकटं ठरवू शकत नाही.

मग मधला मार्ग निघाला तो मिनिटांचा. आणि वैद्यकीयदृष्ट्या तो वेडगळ अजिबात नव्हता. भार हाडासाठी औषधासारखा असतो. अजिबात मिळाला नाही तर हाड कमजोर राहतं, एकदम जास्त मिळाला तर मोडतं, हळूहळू वाढवला तर मजबूत होतं. "बरा असेल तर पूर्ण खेळू द्या, नसेल तर बसवा" या युक्तिवादातली चूक इथे आहे. बरं होणं म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, की एका क्षणी बंद आणि दुसऱ्या क्षणी चालू. तो चढ असतो आणि पायरी पायरीनं चढावा लागतो.

हंगामाच्या शेवटी मर्यादा उठली. २० एप्रिल १९८६ रोजी बॉस्टन सेल्टिक्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात जॉर्डन ५३ मिनिटं खेळला आणि त्यानं ६३ गुण केले. शिकागो दोनदा वाढीव वेळेनंतर हरलं, पण ६३ गुणांचा तो विक्रम प्लेऑफच्या इतिहासात अजरामर झाला. पुढच्या हंगामात तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला.

आता सांगा, कोण बरोबर होतं? "बघा, काही झालं नाही, म्हणजे काळजी उगाच होती" असं जॉर्डनचे चाहते म्हणतील. "काळजी घेतली म्हणूनच काही झालं नाही" असं डॉक्टर म्हणतील. एकाच घटनेवरून दोन्ही बाजू सिद्ध होतात, म्हणजेच एकही होत नाही. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय योग्य होता, असं वैद्यकशास्त्रात कधीच धरू नये. सिग्नल तोडूनही माणूस घरी सुखरूप पोचतो, म्हणून काही सिग्नल तोडणं बरोबर ठरत नाही.

आणि एक योगायोग. त्या रात्री समोरच्या बॉस्टन संघात बिल वॉल्टन होता! त्या हंगामात तो बदली खेळाडू म्हणून सरासरी १९ मिनिटं खेळायचा. मोजकाच खेळल्यामुळे असेल, पण त्या एका वर्षात तो ८० सामने खेळला, आयुष्यातला सर्वाधिक आकडा, आणि बॉस्टनबरोबर विजेताही झाला.

काळजी घेऊनही हरलेला याओ, थांबून जिंकलेला एम्बीड

पुढे विज्ञान सुधारलं. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात याच हाडाच्या ८६ स्ट्रेस फ्रॅक्चरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पायावर अजिबात भार न देता किमान सहा आठवडे प्लास्टर घातलेल्या २२ पैकी १९ रुग्णांचं हाड जुळलं होतं. नुसतं "खेळ जरा कमी कर" सांगून चालत-फिरत ठेवलेल्या ३४ पैकी फक्त ९ जणांचं जुळलं. "जरा कमी कर" हा सल्ला ऐकायला किती शहाणपणाचा वाटतो, नाही? पण त्या टप्प्यावर तो अपुरा होता.

तरीही विज्ञान हमी देत नाही, हे चीनच्या याओ मिंगनं शिकवलं. साडेसात फूट उंचीचा हा खेळाडू ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळायचा. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्टमध्ये तो मायदेशात, बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळत होता. मे २००९ मध्ये त्याच पायाचं नॅव्हिक्युलर पुन्हा तडकलं. मोठी शस्त्रक्रिया झाली आणि अख्खा पुढचा हंगाम विश्रांतीत गेला. २०१० मध्ये परतताना सामन्याला २४ मिनिटांची काटेकोर मर्यादा होती. तरी पाचव्या सामन्यात घोटा दुखावला, तिथेही स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, आणि जुलै २०११ मध्ये त्यानं निवृत्ती घेतली. सगळं नियमानुसार केलं, तरी शरीरानं साथ दिली नाही. असंही होतं, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

चौथा माणूस जोएल एम्बीड. २०१४ मध्ये एनबीएत निवड होण्याच्या काही दिवस आधी त्याच्या उजव्या पायाच्या याच हाडावर शस्त्रक्रिया झाली. हाड नीट जुळलं नाही म्हणून २०१५ मध्ये दुसरी झाली. फिलाडेल्फिया संघानं त्याला सलग दोन हंगाम खेळवलंच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो पहिला सामना खेळला तेव्हा २२ मिनिटांत २० गुण केले. प्रशिक्षक ब्रेट ब्राऊन घड्याळ बघून त्याला बाहेर काढायचे आणि प्रेक्षक वैतागायचे. २०२३ मध्ये हाच एम्बीड लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण गोष्ट तिथेही संपत नाही. २०२३-२४ पासून एनबीएनं नियम केला, की मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळायलाच हवेत. त्यामागे प्रेक्षकांची रास्त तक्रार होती : महागडं तिकीट काढून जावं आणि आवडता खेळाडू बाकावर बसलेला दिसावा! जानेवारी २०२४ मध्ये दुखऱ्या गुडघ्यामुळे एम्बीड डेन्व्हरचा सामना ऐनवेळी खेळला नाही आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. तीन दिवसांनी तो खेळला. त्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडू त्याच्या पायावर पडला, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी दुखावली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. टीकेमुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. पण गॅलरीतला आवाज निर्णयाच्या खोलीत पोचतो, हे नाकारण्यातही अर्थ नाही.

ती चिठ्ठी मी लिहिली होती

मी हे सगळं इतक्या आस्थेनं का सांगतोय? कारण एकदा मीही त्या आवाजाला बळी पडलो आहे.

प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. कबड्डी खेळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटलेला, शस्त्रक्रिया उत्तम झालेली. पाच महिन्यांनी वडील आणि सर आले. जिल्ह्याच्या निवडीचा प्रश्न होता, त्यावर पुढे नोकरीची आशा होती. मुलगा माझ्यासमोर उठाबशा काढून दाखवत होता. दुखत नव्हतं, सूज नव्हती. मी "खेळण्यास हरकत नाही" अशी चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्याच सामन्यात चढाई करताना वळला आणि गुडघा पुन्हा गेला.

त्या घरातलं कुणीही मला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. तो पुन्हा कबड्डी खेळला नाही.

शस्त्रक्रियेत बसवलेला नवा अस्थिबंध आधी कमजोर होतो आणि मग महिनोन्महिने पक्का होत जातो. हा काळ बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्यागणिक जवळपास निम्मा होत गेला. त्या मुलाच्या वेळी मी चार महिने आणखी थांबायला सांगायला हवं होतं. सर रागावले असते, वडील दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते. तरीही सांगायला हवं होतं.

मग तुम्ही काय करायचं?

तुम्ही स्वतः खेळाडू असाल किंवा घरात कुणी असेल, तर परतण्याआधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला हे प्रश्न नक्की विचारा :

१. माझी नेमकी कोणती रचना दुखावली आहे, आणि ती भरायला साधारण किती काळ लागतो? (हाड, स्नायू, अस्थिबंध या सगळ्यांची घड्याळं वेगवेगळी असतात.)

२. दुखणं थांबणं सोडून आणखी कोणत्या चाचण्या मला पार कराव्या लागतील? दोन्ही पायांची ताकद, एका पायावरच्या उड्या, दिशा बदलणं हे मोजलं आहे का?

३. परतलो तर पुन्हा दुखापतीची शक्यता किती? आणखी महिना-दोन महिने थांबलो तर ती किती कमी होईल?

४. पुन्हा दुखापत झालीच तर काय गमवावं लागेल? थोडे दिवस, एक हंगाम, की कायमचा खेळ?

५. पहिल्या दिवशी किती वेळ खेळू, आणि तो कसा वाढवू? ही योजना कागदावर लिहून घ्या आणि सरांनाही द्या.

आणि एक काम कधीच करू नका. वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन "आजचा सामना काढू" असं परस्पर ठरवू नका.

पालक आणि प्रशिक्षकांना एकच विनंती. मुलगा कसा आहे हे विचारायचं असेल तेव्हा "कधी खेळणार?" असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेलं असतं, आणि मुलं तुम्हाला हवं तेच उत्तर देतात.

शिकागोच्या प्रशिक्षकांना त्या हंगामानंतर नोकरी गमवावी लागली. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल लोकांनी त्यांची पुष्कळ टिंगल केली. ते बरोबर होते की चूक, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण कुणी चिठ्ठी मागायला आलं, की मला स्टेडियमचा आवाज ऐकू येतो आणि तो कबड्डीवाला मुलगा दिसतो. मग मी पेन खाली ठेवतो आणि पुन्हा एकदा गुडघा तपासतो.

काळजी घ्या, आणि बरे होऊन खेळा.